दुर्गाघाटाचा तांब्या

बनारसच्या आमच्या सरकारी कचेरीत भेदभावाविषयी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवायचं निघालं, तेव्हा सर्वांत जोरात विरोध मी केला. बैठकीत उभा राहून म्हणालो, "माणसाशी माणसासारखं वागा, एवढं शिकवायला दोन दिवस काम बंद ठेवायचं? इथे जात पाहतो कोण?" टाळ्या पडल्या. बोलून घसा सुकला, म्हणून टेबलावरचा माझा तांब्या उचलून घटाघट पाणी प्यायलो आणि बसलो.

हा तांब्या मी रोज दुर्गाघाटावरच्या घरून भरून, फडक्यात बांधून आणायचो. वडील आपल्या कचेरीत न्यायचे, म्हणून मीही. आमच्याकडे माठ भरणारा शिपाई दलित आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्याचा आणि तांब्याचा काही संबंध असेल, हा विचार मी स्वतःच्या मनातही येऊ दिला नव्हता.

प्रशिक्षण झालंच. लखनौहून आलेल्या बाईंनी आम्हा अधिकाऱ्यांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. इथे पाहिलेला भेदभाव लिहायचा. तिसरी चिठ्ठी त्यांनी मोठ्याने वाचली. "एक साहब घर से लोटा लाते हैं, ताकि दफ़्तर का पानी न पीना पड़े."

माझ्याकडे कोणीच पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. बाई शांतपणे म्हणाल्या की अशा वागण्याची लेखी तक्रार झाली तर चौकशी लागते, प्रसंगी नोकरीही जाते. मी तांब्या हळूच जमिनीवर ठेवला आणि पायाने खुर्चीखाली सारायला गेलो. तो खणकन आडवा झाला. पाणी थेट बाईंच्या चपलांपर्यंत पोचलं.

चहाच्या सुट्टीत शिपायाला माठापाशी गाठलं. चिठ्ठी त्याचीच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

"चिट्ठी तुमने लिखी?"

"कौन-सी चिट्ठी, साहब? हमें तो बुलाया ही नहीं."

खरंच की. प्रशिक्षण फक्त अधिकाऱ्यांचं. तो सकाळपासून बाहेर पेले विसळत होता. आता तोंड उघडलंच होतं, तर चिठ्ठीत काय होतं तेही मलाच सांगावं लागलं. माझ्याविरुद्धचा पुरावा मी स्वतःहून, माझ्याच तोंडाने, नेमका त्याच्याच हवाली केला.

तो विसळता विसळता ऐकत होता. "सात साल से देख रहे हैं," म्हणाला. "घर में बच्चों ने पूछा कि साहब लोटा क्यों लाते हैं, तो कह दिया कि साहब को गंगाजी का ही पानी पचता है."

मी विचारलंच. "अब शिकायत करोगे?"

त्याने ओगराळं माठात बुडवलं, पेला काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला. "पहले पानी पीजिए."

प्यायलो. घाईत अर्धं सदऱ्यावर सांडलं. त्याने पुन्हा भरला. तोही प्यायलो. तिसराही.

उत्तर अजून मिळालं नव्हतं, आणि तो चौथा भरत होता.