पडद्यावरचा कोळसा
कोळसाखाणींच्या घुग्घुसहून आलेल्या माणसाच्या बॅगेलासुद्धा कोळशाच्या धुळीचा वास असतो, आणि तो आला की मला माझ्या तिथल्या कॉम्प्युटर क्लासमधली चाची आठवते. तिचा मुलगा सौदीत वेल्डर होता. त्याच्या कारखान्यात आग लागल्याचं कळल्यापासून त्याचा फोन लागत नव्हता. एका दुपारी ती क्लासमध्ये आली आणि म्हणाली, “बाई, मले हे मशीन शिकव. लोकं म्हनतेत, याच्यात माणूस दिसते.” शिलाई मशीनवर झरझर चालणारा तिचा हात माउसवर अडखळायचा, तरी ती शिकली. रोज लाईट जायच्या आधी यायची, ओढणी नीट डोक्यावर घ्यायची, व्हिडिओ कॉलच्या यादीतल्या मुलाच्या नावावर क्लिक करायची आणि बघत बसायची. एक दिवस ते नाव हिरवं झालं, म्हणजे तो ऑनलाइन आला. तुटक तुटक चित्र उमटलं: पट्ट्या बांधलेला चेहरा, हलणारे ओठ. “अम्मी,” एवढंच ऐकू आलं आणि पडदा काळा झाला. मेली लाईटच गेली होती. पण घुग्घुसमध्ये काळं पडलेलं सगळंच पुसलं की उजळतं, म्हणून ती ओढणीनं पडदा घासत सुटली. “कोयला बसला रे बेटा, थांब, जाऊ नको, पुसून राह्यली ना मी!” मी तिचा हात धरला, “चाची, पुसून काही नाही व्हायचं,” म्हटलं, तरी ती थांबेना. ते नाव परत कधी हिरवं झालं नाही. आता माझी मुलगी परदेशात असते. काल बोलता बोलता तिचा चेहरा गेला, पडदा काळा पडला, आणि जरा वेळानं माझ्या लक्षात आलं, मी तो पदरानं पुसते आहे.