कचेरीच्या दारातली पाखाडी

"उचलायचं नाय. ढकलायचं."

एवढं बोलण्याआधी तांडेल डावा हात चाकावर ठेवीत आणि उजव्या हाताची दोन बोटं वर करीत. मदतीला धावलेला माणूस जागच्या जागी थांबे. त्या दोन बोटांत अजून वीस-पंचवीस खलाशांना थांबवायची ताकद होती.

महाराष्ट्र व्हायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षांत रत्नागिरीच्या आमच्या कचेरीत तुमचं काही काम निघालं असेल, तर तुम्ही त्यांना नक्की पाहिलं असेल. पायऱ्यांच्या डाव्या हाताला उंडीचं झाड, त्याखाली तीन चाकांची खुर्ची. मागची दोन मोठी चाकं हाताने फिरवायची, पुढे एक लहान चाक. मांडीवर फळी, फळीवर दौत, आणि समोर मिरकरवाड्याच्या, राजिवड्याच्या बायका, मुंबईला जहाजावर असलेल्या नवऱ्याला पत्र लिहून घ्यायला आलेल्या. जहाजावर चढायला कोणते कागद लागतात, ते कुठे मिळतात, कोणत्या टेबलावर अडतात, हे तांडेलांना आमच्या हेडक्लार्कपेक्षा जास्त ठाऊक होतं.

ते खरेच तांडेल होते. परदेशी जाणाऱ्या आगबोटीवर डेकवरची माणसं त्यांच्या हाताखाली असत. एकदा माल भरायच्या खणात वरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. "बोटीने पाय ठेवून घेतले, चाकं दिली," असं सांगत, आणि त्यावर कोणी चुकचुकलं की लगेच विषय बदलत.

मी बी.ए. होऊन नुकताच त्या कचेरीत लागलो होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. लांज्याकडच्या आमच्या गावात बापाने भाताची शेती करून मला कोल्हापुरात ठेवलं, आणि त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. तांडेल मला नावाने कधी बोलावत नसत. "बीए, जरा इकडे या," असं म्हणत. पहिल्या दिवशी राग आला. मग दुसऱ्या कोणी नावाने हाक मारली तरच परकं वाटू लागलं. मीही त्यांना चाचा म्हणू लागलो.

रत्नागिरी, तुम्ही जाणताच, सपाट अशी कुठे नाही. तांडेलांच्या घरापासून कचेरीपर्यंत एक मोठा चढ होता. माझी वाटही तीच, म्हणून ढकलायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. पण ढकलायचंसुद्धा शिकावं लागलं. त्यांच्या खुर्चीला दोरीने बांधलेल्या फणसाच्या लाकडाच्या दोन पाचरी होत्या. चढावर दम घ्यायला थांबलं की आधी पाचरी मागच्या चाकांखाली, मग बोलणं. चढताना ते छाती गुडघ्यांवर टेकवून वाकत. उतरताना खुर्ची उलटी फिरवायची, मी खालच्या बाजूला, तोंड वर करून, पाऊल-पाऊल मागे. आणि मध्येच वळायचं नाही. एकदा समोरून बैलगाडी आली म्हणून मी खुर्ची तिरकी घातली, तर वरच्या बाजूचं चाक उचललं गेलं. ते ओरडले नाहीत. पाचरी लागल्यावर शांतपणे म्हणाले, "बीए, होडी लाटेला आडवी घालाल काय? मग माका आडवा कशाला घातलात?"

पण उचललेलं त्यांना चालत नसे. शाळेचे एक मास्तर स्वभावाने फार दयाळू. त्यांनी एकदा न विचारता, शिपायाला हाताशी घेऊन, तांडेलांना खुर्चीसकट उचलून कचेरीच्या ओटीवर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी मास्तर आले तेव्हा दोन दांडगे खलाशी पुढे झाले, त्यांनी मास्तरांना छत्रीसकट अलगद उचलून ओटीवर ठेवलं आणि सलाम करून निघून गेले. मास्तर लाल झाले. "आता कळला कसा लागता ता?" तांडेलांनी विचारलं, आणि स्वतःच आधी हसले. मास्तरही हसले, पण उशिरा.

त्या चार पायऱ्या हाच त्यांचा घोर होता. ओटीवर जागा मिळाली तर पावसाळाभर काम चालणार. उंडीखाली पावसात कागद टिकत नाही. आणि काम बंद पडलं तर मुंबईची मुलगी त्यांना घेऊन जाणार होती. जावई चांगला होता, पण खोली तिसऱ्या मजल्यावर. "खोली दहा पावलांची," तांडेल म्हणायचे, "तिथे चाकं फिरवू कुठे?"

त्यांना जायचं नव्हतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, चढावर, पाचरी लावलेल्या असताना. मी त्यांच्या मागे उभा होतो, त्यामुळे त्यांचं तोंड मला दिसलं नाही.

मग मी मनावर घेतलं. आधी पायऱ्यांवर दोन फळ्या टाकून पाहिल्या. शिपायाने त्या संध्याकाळच्या आत काढल्या. सरकारी इमारतीच्या दारात सुटी वस्तू ठेवायची तर मंजुरी हवी. तेव्हा मी रीतसर अर्ज लिहिला. "पंगू नागरिकांच्या सुलभ आरोहणार्थ योग्य असा चढमार्ग बांधून मिळावा." तीन वेळा लिहिला, तीन वेळा वर पाठवला. चौथ्यांदा पाठवण्याआधी तांडेलांना वाचून दाखवला. त्यांनी नीट ऐकलं.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "पण गवंड्याला कळलं काय? खाली लिवा, पायरी नको म्हणून."

मी म्हटलं, "चाचा, चढमार्ग म्हटल्यावर पायरी येतेच कुठे? ते लिहिलं तर अर्ज अडाणी दिसेल."

ते माझ्याकडे पाहून हसले. "तुमी बीए," म्हणाले.

अर्ज मंजूर झाला. मेच्या सुरुवातीला मी आठ दिवस गावी गेलो होतो. परतलो तो काम पुरं झालेलं. लांबून पाहिलं आणि पायच थबकले. ओटीच्या डाव्या अंगाला, तासलेल्या जांभ्या चिऱ्याची सुरेख पाखाडी बांधली होती. रुंद, ऐसपैस, दर दोन हातांवर एक अर्धी वीत उंचीची पायरी. आपल्याकडे डोंगरावरच्या देवळाला जाते तशी.

गवंडी अजून तिथेच होता, हत्यारं धूत होता. मी त्याच्यावर तोंड टाकलं. तो चकित झाला. "साहेब, नुसती घसरण कोण बांधता कोकणात? पावसात शेवाळ धरला म्हणजे माणूस मान मोडून मरात. अपंग माणसासाठी म्हणून पायऱ्या मुद्दाम लहान ठेवलंय." त्याने एकेक चिरा जास्तीचा वेळ देऊन तासला होता.

आत गेलो. हेडक्लार्कनी काम पुरं झाल्याचा कागद वर पाठवून दिला होता. आता दुरुस्ती पुढल्या वर्षी.

तांडेलांनी पाखाडी पाहिली. मग म्हणाले, "ढकला." त्यांनी छाती गुडघ्यांना लावली, मी जोर लावला. पहिली पायरी पुढचं चाक कसंबसं चढलं. मागची चाकं अडली. मी खांदा लावला, चपला सोडल्या, ओटीवरची माणसं बघत होती. खुर्ची एक इंच चढे आणि परत येई. शेवटी ती माझ्या नडग्यांवर आली आणि तांडेलांनीच हात खाली घालून पाचर सरकवली.

"चाचा," मी म्हटलं, "आजच्या दिवस उचलू?"

ते मागे वळले नाहीत. दोन बोटं वर झाली. आम्ही उंडीखाली परत आलो.

पावसाळ्यात मुंबईची बोट बंद असे. त्या सालच्या शेवटच्या बोटीने ते निघाले. बंदरावर मी ढकलत नेलं. बोट खोल पाण्यात उभी राहायची, तिथवर पडावाने जावं लागे. पडावाच्या माणसांनी त्यांना पाहिलं आणि न बोलता दोन लांब फळ्या टाकल्या, दोर धरला आणि खुर्ची पडावात घेतली. पानाची पिंक टाकायला लागतो तेवढा वेळ लागला. कोणाची मंजुरी लागली नाही. मीही पडावात बसलो. बसल्या बसल्या त्या फळ्यांकडेच पाहत होतो.

बोटीच्या अंगाला शिडी होती. तिच्यावरून दोन खलाशी त्यांना पाठीवर घ्यायला उतरले. बोटं वर झाली. मग तांडेलांनी मान उंच केली आणि वरच्या सारंगाला, खलाशांच्या म्होरक्याला, त्यांच्या जहाजी भाषेत काही विचारलं. सारंग म्हातारा होता. त्याने खाली निरखून पाहिलं, ओळखलं आणि सलामाला हात कपाळाशी नेला. थोड्या वेळाने माल चढवायची दोरांची जाळी खाली आली.

तांडेलांनी सगळं स्वतः सांगून करून घेतलं. खुर्ची जाळीच्या बरोबर मधोमध. पाचरी चाकांखाली, दोरीने आवळून. चारी कोपरे आकड्याला. प्रत्येक गाठ त्यांनी ओढून पाहिली. मी कुठे हात लावू ते मला समजेना, म्हणून मी लावला नाही.

"येतंय, बीए," ते म्हणाले. मग वर पाहून खणखणीत आवाजात उचलायचा जहाजी हुकूम सोडला, "हबेस."

जाळी उचलली गेली. आमच्या डोक्यांवरून ते वर गेले, ताठ बसलेले, दोन्ही हात चाकांवर. जाळी गरकन फिरली, त्यांचं तोंड एकदा गावाकडे आलं, मग बोटीकडे वळलं. त्यांनी हात हलवला नाही. खुर्ची हलत असताना चाकांवरचे हात सोडायचे नाहीत, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

दिवाळीच्या सुमारास कार्ड आलं. त्यांचंच टपोरं अक्षर. "मुलगी काळजी घेते. इथे चढ नाय, उतार नाय. दर शुक्रवारी चाकांना तेल देतो."

तीन मजले त्यांना कोणी आणि कसं नेलं, ते कार्डात नव्हतं. मी उत्तर लिहिलं, चांगलं दोन पानी. ते मी विचारलं नाही.