बाकावरचं जाकीट

हे सांगायचं मी काही वर्षं टाळलं.

नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला मुलाकडे राहायला आल्यापासून मी रोज सकाळी कालव्याकाठच्या बाकावर बसतो. तिथे साताऱ्याची एक विद्यार्थिनी धावायला यायची. नाव मी कधी विचारलं नाही. माझ्याजवळ जाकीट ठेवायची आणि बोलतानाही या पायावरून त्या पायावर नाचत राहायची.

"आजोबा, शनिवारी प्रागला शर्यत आहे. बसने जातेय. घरी माहीत नाही हं!"

"आणि अभ्यास?"

"तोही धावतच!" ती हसली. मग म्हणाली, "धावताना कुणी विचारत नाही, लग्नाचं काय ठरलं म्हणून."

पुढे गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला शेजारी बसलेल्या बाई साताऱ्याच्या निघाल्या. मला राहवेना. "तुमच्याकडची एक मुलगी आहे इथे. लांब वेणी, सारखी नव्या देशात धावायला जाते. अभ्यास कधी करते कोण जाणे!"

बाईंचा घास हातातच राहिला. "अहो, ही तर आमच्या नणंदेची!"

त्यानंतर ती दिसेना. महिन्याभराने सायकलवरून आली. पहिल्यांदाच दोन्ही पाय जमिनीवर स्थिर ठेवून उभी होती.

"धावणं बंद, आजोबा. बाबांना कुणीतरी सांगितलं. परीक्षा झाली की परत बोलावलंय."

"वारा फार आहे, जाकिटाची चेन लाव," एवढंच बोललो.

तिने निमूटपणे लावली आणि निघाली.

"मीच बोललो गं, चुकलो," हे तोंडातून निघालं, तेव्हा सायकल पुलापलीकडे गेली होती.