लडकूचं शटर

दापोड्याची आशा सेविका चंद्रा म्हणजे भल्याभल्यांना वठणीवर आणणारी बाई. गावातल्या लडकूला कानात माणसं बोलताना ऐकू यायची, सगळी त्याच्या जिवावर उठलेली. थोरल्या भावानं, महादूनं, भगत केले, नवस केले आणि शेवटी त्याला मागच्या खोलीत कोंडून तो मोकळा झाला. चंद्रानंच भांडून ती खोली उघडायला लावली. दर महिन्याला लडकूला रिक्षात घालून भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात सुईला नेलं. "दादा, तुला परत कोन कोंडनार न्हाय, मी हाय ना," एवढं ती म्हणाली की तो मुकाट दंड पुढे करायचा. हळूहळू माणूस ताळ्यावर आला. महादूच्या गोदामांची झाडलोट करू लागला, ट्रकवाल्यांशी हिंदीत गप्पा हाणू लागला. गावाच्या लेखी मात्र तो येडा तो येडाच.

मग महादूच्या मुलाचं, कुणालचं लग्न ठरलं. महादूची बायको हौसा चंद्राकडे आली. मुलीकडच्यांना दिराचं काहीच सांगितलेलं नव्हतं. हळदीपुरतं त्याला गोदामाच्या रिकाम्या गाळ्यात ठेवू, गादी-पंखा सगळं देऊ, पण तो आमचं ऐकायचा नाही, तूच सांग, असं तिचं म्हणणं. चंद्रानं तिला चांगलं फैलावर घेतलं. पण हौसा रडायला लागली, आणि चंद्राची स्वतःची मुलगीही लग्नाची होती. याच गावात राहायचं होतं. तिथं ही खमकी बाई नरमली.

हळदीच्या संध्याकाळी तिनं लडकूला सांगितलं, डीजेचा तुला त्रास होईल, जरा आत बस, शटर उघडंच राहील. कुलूप लागणार हे तिला ठाऊक होतं. तो निमूट आत गेला. मग आतून शटर बडवत राहिला. डीजेपुढे ते कोणाला ऐकू जातंय? चंद्रा नवरदेवाला हळद लावत होती.

दुसऱ्या दिवशी महादूनं कुलूप काढलं, तर लडकूचे दोन्ही हात सोलवटलेले. तेव्हापासून तो गाळा सोडत नाही. सुईचा महिना उलटला, दुसराही उलटला. नवी सून घरात आली, गावजेवण झालं, लडकूची आठवण कोण काढतो? चंद्रा तेवढी रोज डबा घेऊन जाते. तिची चाहूल लागली की तो शटर खाली ओढून आतून कडी घालतो.

परवा तिला राहवलं नाही. शटरला तोंड लावून म्हणाली, "दादा, मी हाय, चंद्रा."

"वलखलं," आतून आवाज आला. "तूच त कानात सांगतीस ना रोज, आत बस म्हनून."

तिनं डबा खाली ठेवला आणि घरी आली.