तेरावी पात

माझ्या दोन्ही नाती एकाच वर्षी बाळंत झाल्या. मोठी अमेरिकेत, धाकटी स्वीडनमध्ये. मी इकडं नेर तालुक्यात, निंदणाच्या, म्हणजे खुरपणीच्या, टोळीची मुकादमीण. शाळेत गेले नाही, पण फोनवर दोघींना खोदून खोदून विचारते.

मोठीचा पगार भारी, घर ऐसपैस. तरी सातव्या आठवड्यात ती कामावर. म्हणते, "सुट्टी कंपनीच्या मर्जीवर असते, आजी." धाकटीच्या पगारातून सरकार बराच वाटा कापतं, पण ती वर्षभर घरी, पैसे चालू, आणि तिच्यानंतर नातजावई लंगोट बदलायला सुट्टीवर! मी म्हटलं, दोन्ही देश पैशावालेच, मग फरक कायचा? धाकटी म्हणाली, "आजी, इथं एकीचा भार सगळे मिळून उचलतात."

त्याच हप्त्यात आमच्या टोळीतली एक पोरगी, बाळंत होऊन बारा दिवस झालेली, कान बांधून, इळा घेऊन शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभी.

"काहून आली वं?"

"काकी, नाही आली तं माझी जागा दुसरीले द्याल ना." बाळंतपणाच्या सरकारी योजनेचे तिचे कागद अजून अडकलेलेच होते.

"घरी जाय. सव्वा महिना इकडं दिसू नको."

आमच्यात प्रत्येकीला निंदायला ओळींची एक पट्टी येते, तिला पात म्हणतो. तिला धरून आम्ही तेरा. मी टोळीला धाकटीकडची स्वीडनची गोष्ट सांगितली अन् म्हटलं, तेरावी पात आपण बाराजणी मिळून काढू, मजुरी तिच्या घरी जाईल.

सगळ्यात झपाट्यानं निंदणारी करवादली, "काकी, तू कवापासून स्वीडनची सरकार झाली?"

"आजपासून. अन् पहिली कपात तुह्यापासून!"

सगळ्या हसल्या, ती सोडून.

संध्याकाळी शेतमालक म्हणाला, "बाई आली नाही, अन् मजुरी मागून राह्यली?"

"भाऊ, तेरावी पात निंदली का नाही, ते पाहा." त्यानं पाहिलं, अन् तेरा मजुऱ्या मोजून दिल्या.

सोपं नव्हतं. एखाद्या दिवशी ती पात अर्धी राहायची, मग मी या वयात उकिडवी बसून पुरी करायचे. पण सव्वा महिना एक दिवसही सोडला नाही. पोरगी अंगानं भरून परत आली.

परवा ती करवादणारी हळूच जवळ येऊन बसली. तिची सूनही आमच्याच टोळीत. "काकी, आमच्या सुनेले सातवा लागला."

"ठरलं आहे," मी म्हटलं. "सून बाळंत झाली की पहिल्या दिवशी तिची पात, आपण जिची काढली, तीच पोरगी धरणार."