अनवाणी माणसाने नेलेली सायकल

मी देवीशी भांडणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. हात जोडून, डोळे मिटून गप्प उभं राहणं मला कधी जमलं नाही. अमरावतीत सून म्हणून आले तेव्हापासून अंबादेवीपुढे उभी राहिले की आधी तक्रारी सांगायच्या आणि मग नमस्कार करायचा, अशीच माझी रीत. सासूबाई म्हणायच्या, "देवीच्या कानाले आराम देत जाय वं जराक." तरी त्या भांडणात विश्वास होता. आपण बोललेलं कुणीतरी ऐकतं आहे, असं वाटल्याशिवाय माणूस भांडत नाही. तो विश्वासच हलला ते वर्ष मला अजून आठवतं. आज त्याबद्दल लिहायला बसले आहे.

आमचे हे जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. हंगामात घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांत, शर्टाच्या शिवणीत रुईचे कण असायचे. सायकलच्या साखळीतसुद्धा रुई अडकलेली असायची आणि ती काढत काढत हे दिवसभराच्या गमती सांगायचे. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. गाड्या कमी झाल्या आणि एका दिवाळीनंतर जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. सुरुवातीला यांनी कामासाठी पुष्कळ पायपीट केली. पुढे पुढे जाणं थांबलं. मग बोलणं थांबलं. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवायला वाढलं तर दोन घास खायचे, विचारलं तर "हूं" म्हणायचे. एवढा गप्पिष्ट माणूस, पण घरात आवाज म्हणून माझ्या शिलाई मशीनचाच उरला होता.

त्या वर्षांत दर्यापूरकडून, भातकुलीकडून रोज काही ना काही ऐकू यायचं. कुणीतरी न सांगता घरातून निघून जायचं आणि मग विहिरीच्या काठावर त्याच्या चपला सापडायच्या. आमच्याकडे शेत नव्हतं, पण ती बातमी शेत आहे की नाही हे विचारून घरात येत नसे. यांना एकटं सोडून दळण आणायला जायचीही मला भीती वाटे. शेजारच्या नलूबाईंना ओट्यावर बसवायची आणि मगच बाहेर पडायची. रात्री यांच्या श्वासाकडे कान लावून पडायची. मला काय हवं होतं ते एका वाक्यात सांगता येईल: हा माणूस त्या खाटेवरून उठावा.

आता सायकलचं सांगते. ती माझ्या बाबांनी अकोल्याला घेतलेली, लग्नात जावयाला दिलेली. लग्नानंतर मांडवपरतणीला आम्ही माझ्या माहेरी अकोल्याला गेलो आणि निघताना प्रश्न पडला, सायकल न्यायची कशी. बाबा म्हणाले, बसच्या टपावर टाका. यांना ते पटेना. "दांडी वाकली त कोन जिम्मेदार?" असं म्हणून मला बसमध्ये बसवलं आणि स्वतः सायकलवर टांग मारून निघाले, थेट अमरावतीला. मूर्तिजापूरला मावसभावाकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपार टळली तेव्हा मी दारात उभी होते आणि गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली. धुळीने तोंड पांढरं, डोळे लाल, आणि सायकलला मात्र एक ओरखडा नाही. नवरा म्हणून मला हा माणूस त्या क्षणी आवडला, हे आज लिहायला हरकत नाही.

त्याच सायकलवर मागे बसून मी पहिल्यांदा अंबादेवीला गेले. मी एका बाजूला पाय सोडून बसलेली, आणि अंबागेटच्या चढावर माझं नवं लुगडं चाकात अडकलं. हातभर काठ फाटला. मी रस्त्यातच रडले. दुसऱ्या दिवशी यांनी जिनिंगमधल्या भंगारातली एक लोखंडी पट्टी कापून, वाकवून, कॅरिअरच्या खाली जोडून आणली. "आता पाय ठेव हिच्यावर. लुगडं मधात जाईन नाई आन् पायही लोंबनार नाई." अख्ख्या अमरावतीत तशी पट्टी दुसऱ्या सायकलला नव्हती. पुढे किती वर्षं मी तिच्यावर पाय ठेवून बसले. बाजार, दवाखाना, चिखलदऱ्याची बस पकडायला जाणं, सगळं त्या पट्टीवरून झालं.

त्या नवरात्रात मी नऊ दिवस अनवाणी देवीला जायचं ठरवलं. अमरावतीत हे नवं नाही. पहाटे रस्ता अनवाणी माणसांनी भरलेला असतो. म्हातारे, कॉलेजातली मुलं, नुकती लग्न झालेल्या मुली, सगळे खडे चुकवत चाललेले. त्या दिवसांत अनवाणी माणूस दिसला की लोक वाट देतात, पाणी विचारतात. मी पण चालायची आणि देवळात जाऊन तेच तेच बोलायची. ललितापंचमीच्या पहाटे मात्र माझा धीर सुटला. मी म्हटलं, "माय, घरातलं तुले काय पाह्यजे ते घेऊन जाय, पन या मानसाले उठव." बोलून गेले आणि गर्दीने मला पुढे ढकललं.

पोट भरणारी शिलाई मशीन सोडली तर घरात विकण्यासारखं आता सायकलशिवाय काही उरलं नव्हतं, आणि ती धूळ खात उभी होती. आदल्या दिवशीच मी यांना विचारलं होतं. भिंतीकडे बघतच यांनी मान हलवली होती. म्हणून मी पाटीवर खडूने 'सायकल विकणे आहे' लिहून ती फाटकाला टांगली होती. पंचमीला देवळातून आले तर एक माणूस फाटकाशी उभा. तिशीचा असेल. अंगात साधा पांढरा सदरा, कपाळावर कुंकू, आणि पाय अनवाणी, घोट्यापर्यंत धुळीने माखलेले. म्हणाला, बडनेऱ्याहून पायी आलो, देवीचं दर्शन झालं, वाटेत पाटी दिसली. मी त्याला पाणी दिलं, राजगिऱ्याचा लाडू दिला. सायकल बाहेर काढली तेव्हा तिच्या दांडीला हात लावून त्याने तो कपाळाला लावला. मग म्हणाला, "काकू, एक चक्कर मारून पायतो."

आमच्याकडे कुणी सायकल अशी चालवून बघायला मागितली तर चपला काढून ठेवायला सांगतात. चपला सोडून कोण पळणार, असा हिशेब. पण याच्या पायात चपलाच नव्हत्या. आणि नवरात्रात अनवाणी निघालेल्या माणसाला, "तुझं काहीतरी ठेवून जा" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. उलट देवीनेच बरं गिऱ्हाईक पाठवलं असं वाटलं. तो टांग मारून निघाला, गल्लीच्या वळणावर त्याने घंटी वाजवली आणि दिसेनासा झाला. मी त्याचा पाण्याचा पेला हातात धरून उभी राहिले. नलूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "चक्कर मोठी दिसते वं त्याची." तरी मी उभीच. पेला खाली ठेवायचं भान आलं तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "घंटी जाताना वाजली. वापस नाई आली."

हे दारात उभे होते. कितीतरी आठवड्यांनी मी त्यांचं अख्खं वाक्य ऐकत होते. दाढी वाढलेली, बनियन चुरगळलेलं, पण डोळे माझ्याकडे लावलेले. मी काही बोलायच्या आत विचारलं, "कोन्या रस्त्यानं गेला?" मी हात दाखवला. हे फाटक ढकलून तरातरा निघाले, वळले, गेले. मी मागे धावले, पण नाक्यावर रस्ते तिन्हीकडे फुटतात आणि हे एकाही रस्त्यावर दिसले नाहीत. परत आले तर दारात यांच्या चपला तशाच पडलेल्या.

त्या चपला बघून मला विहिरीच्या काठावरच्या चपला आठवल्या. सायकलचा विचार कुठल्या कुठे गेला. दुपार झाली तरी हे आले नाहीत. नलूबाईंचा भाचा स्टेशनपर्यंत जाऊन आला. मी जिनिंगच्या बंद फाटकापाशी जाऊन आले. ओळखीच्या एकेका घरी विचारलं. शेवटी पाय आपोआप देवळाकडे वळले. मी आत जाऊन रडले नाही, सरळ भांडले. लोक बघत होते. "तुह्याच देवळातून त्या पुरानातल्या रुक्मिनीले पळवून नेलं तवाही तू गप होती. आज माह्या दारातून सायकल नेली तवाही गप. सायकल ठेव तुले. पन मानूस माहा वापस दे. तो काही म्या तुले देल्ला नाई." एवढं बोलल्यावर माझ्यातलं बळच संपलं. खांबाला टेकून बसले. आता जे होईल ते होईल, माझ्या हातात काही नाही, हे मला आयुष्यात पहिल्यांदा तिथे कळलं. किती वेळ बसले कोण जाणे. उठले तेव्हा मन रिकामं होतं. भीतीसुद्धा नव्हती.

अंबागेटच्या अलीकडे बशीरभाईंचं सायकलचं दुकान होतं. आमची सायकल पहिल्यापासून तेच दुरुस्त करायचे, तरी देवळाकडे जाताना माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. मी खाली मान घालून पुढे चालले होते, तर हाक आली, "भाभी, इकडं कुठं? भाऊ तर इथंच बसून हायेत ना सकाळपासून."

हे जमिनीवर फतकल मारून बसले होते. पुढ्यात उलटी केलेली कुणाची तरी सायकल होती, हात काळे तेलकट. चाक फिरवून, एक डोळा मिटून, ते वाकडं चालतंय का ते बघत होते. बशीरभाईंनी सांगितलं ते असं. हे सकाळी धापा टाकत आले, सगळी सायकलची दुकानं पालथी घालून. बशीरभाई म्हणाले, "चोरीची गाडी आज ना उद्या कोन्यातरी मिस्त्रीकडंच येईन. तुमी असे अनवाणी कुठं फिरता? बसा इथंच, येनारी-जानारी गाडी पायत बसा." बसले. दिवसभर नुसतं कोण बसणार? जिनिंगची मशीन आयुष्यभर हाताळलेला माणूस. बशीरभाई एक चाक आवळत होते, ते यांच्या डोळ्याला वाकडं दिसलं. "द्या इकडं," म्हणाले, आणि तेव्हापासून तिथेच.

मी दुकानाच्या फळीवर बसले आणि पदर तोंडाला लावून रडले. यांनी वर बघितलं. मला वाटलं आता मला बोल लावतील. तर म्हणाले, "त्या मानसाले बिरेकचं सांगतलं होतं का तू? रबर झिजले हायेत तिचे. उतारावर गेला त पडंन लेकाचा." बशीरभाई खो खो हसले. मी रडत रडत हसले. हे मात्र गंभीर होते. खरोखर त्यांना त्या चोराची काळजी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्वतः उठले, दाढी केली आणि दुकानावर गेले. सायकलवर नजर ठेवायला जातो, असंच सांगायचे. दसऱ्याला बशीरभाईंनी यांच्या हातात पान्हे, पकडी देऊन म्हटलं, "भाऊ, आज तुमची पूजा असते ना, घ्या, करा." यांनी अवजारं मांडून त्यांना झेंडूची फुलं वाहिली. त्या दिवसानंतर नजर ठेवण्याची गोष्ट कुणी काढली नाही. हे तिथले मिस्त्री झाले होते. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. जेवताना कुणाच्या सायकलला काय झालं ते ऐकून ऐकून माझे कान किटले, आणि मी एकदाही "पुरे" म्हटलं नाही.

सायकल मात्र सापडली नाही. बरीच वर्षं गेली. बशीरभाई थकले, दुकान यांच्या भरवशावर सोडून सावलीत बसू लागले. मग एका नवरात्रात हे संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले आणि सहज म्हणाले, "आज आपली सायकल आलती."

मी पोळी लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. म्हटलं, "मंग? कुठं हाय?"

"गेली. जोडपं होतं. देवीले चालले होते."

"तोच होता का?"

"म्या तोंडाकडं पायलंच नाई. पायाकडं पायलं. दोघंही अनवाणी होते." मग हात पुसत म्हणाले, "ती मागं बसून होती. तिचे पाय पट्टीवर होते."

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत. म्हणाले, "हवा भरून देल्ली. बिरेकचे रबर नवे टाकून देल्ले. पैशे कायचे घेऊ?"

मी पोळी तव्यावर टाकली. रागावायला हवं होतं, मी रागावणारी बाई. पण माझ्या डोळ्यांपुढे अंबागेटचा तो चढ आला, आणि एक परकी बाई त्या पट्टीवर पाय ठेवून निर्धास्त बसलेली, लुगड्याचा काठ चाकापासून दूर. तिला कधी कळणार नाही की ती पट्टी कुणासाठी कापली होती. मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, त्या चढावर ती रडणार नाही.

तो माणूस कोण होता, देवीने पाठवला की आपल्या पायाने आला, हे मी कुणाला पटवायला जात नाही. तो खरंच बडनेऱ्याचा होता का, तेही मला माहीत नाही. त्याला मी लाडू दिला होता, एवढं समाधान आहे. मी अजून दर नवरात्रात अनवाणी जाते, आता हळूहळू, यांच्या हाताला धरून. देवीपुढे उभी राहिले की भांडतेही, सवय जात नाही. फक्त काय न्यायचं आणि काय ठेवायचं, ते मी तिला आता सांगत नाही.