दोघांना एकच भूल

अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी माझ्या धाकट्या बहिणीला नेलं, तेव्हा तिला सहावा महिना होता. दिवस राहिल्यापासून तिने पपईची फोड तोंडाला लावली नव्हती, डोकं ठणकलं तरी गोळी घेतली नव्हती. आणि आता पूर्ण भूल.

"बाळालाही चढेल का हो?" तिने विचारलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई खोटं बोलल्या नाहीत. "थोडी पोचेल. तेही तुमच्याबरोबर पेंगेल. आम्ही लक्ष ठेवू."

गरोदर बाईचे हात रिकामे नकोत, म्हणून सिस्टरनं हिरव्या बांगड्या न उतरवता त्यांवर पट्टी गुंडाळली. बहीण पोटाशी पुटपुटली, "मी जरा झोपते हं. तूही झोप. भिऊ नकोस."

दाराबाहेर बसल्या बसल्या मला वाटत राहिलं, ज्यानं अजून उजेड पाहिला नाही, त्याला झोप आणि जाग वेगळी कशी कळणार? आईच्या अंगातलं असं किती काय आपल्यापर्यंतही नकळत पोचलं असेल!

तिला बाहेर आणलं ते गुंगीतच. सिस्टरनं पोटावर यंत्र टेकवलं. आधी नुसती खरखर, मग ठोके, घाईघाईचे. बहिणीचे डोळे मिटलेलेच होते. पण पट्टी गुंडाळलेला हात हळूहळू सरकत त्या आवाजापाशी येऊन थांबला.